दोन नंबरच्या डंपावरील नाला: प्रकल्प नोंदी

१७ ऑक्टोबर २०२२

वर्धा खोऱ्यातील या खुल्या खाणीतून कोळसा काढणे थांबले, पण तिचा दोन नंबरचा डंप, म्हणजे उपसलेल्या माती-दगडांचा ढिगारा, अजून हलतोच आहे. यंदा जुलै-ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याला पुराने झोडपले तेव्हा डंपाच्या पूर्व उतारावरची तिन्ही काँक्रीट गटारे निकामी झाली. पाऊस उघडल्यावर आज प्रथमच पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत गेलो. मधले गटार वरून धडधाकट दिसते. मात्र त्याच्या कडेने काठी खुपसली तर ती सहज दीड मीटर आत जाते. याचा अर्थ पाणी गटारातून वाहिलेच नाही, ते गटाराखालून वाहिले आणि काँक्रीट पुलासारखे अधांतरी राहिले. उत्तरेकडच्या गटाराचे तुकडे गारलँड ड्रेनमध्ये, म्हणजे डंपाभोवतीच्या चरात, येऊन पडले आहेत.

डंपरने कड्यावरून ओतलेली ओबी (कोळशावरून काढलेले माती-दगड) कधीच एकसारखी दबलेली नसते. मोठे दगड घरंगळत तळाशी जातात, बारीक माल वर राहतो, मधल्या पोकळ्या पावसागणिक भरतात आणि पृष्ठभाग वर्षानुवर्षे खचत राहतो. अशा जमिनीवर ताठ काँक्रीट टाकले की सांध्याजवळचा एक तुकडा बोटभर खचणेही पुरते. त्या फटीतून पाणी खाली उतरते आणि पुढचे काम तेच उरकते. त्यातही १ : २ उतारावर सेकंदाला तीन घनमीटर पाणी गुळगुळीत काँक्रीटमधून सोडले तर कागदावरच वेग सेकंदाला १२-१३ मीटर येतो. हे गणित गटारे बांधण्यापूर्वी कोणी केले होते का, हे फाइलवरून कळत नाही.

आमच्याकडे सोपवलेले काम पूर्व उतारावरील १२ हेक्टर पाणलोटापुरते आहे.

३१ ऑक्टोबर २०२२

आज बैठक झाली. गटारे दुरुस्त करून द्यावीत, अशी अपेक्षा होती. तीच गटारे त्याच जागी पुन्हा बांधणे म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा करणे होय, हे पटवण्यात तीन तास गेले.

पर्यावरण मंजुरीच्या अटी सर्वांना पाठ आहेत: बेंचची, म्हणजे ढिगाऱ्याच्या पायरीची, उंची ३० मीटरपर्यंत, एकूण उतार २८ अंशांच्या आत, पायथ्याला टो वॉल (आधाराची भिंत), तिच्या बाहेरून गारलँड ड्रेन आणि शेवटी गाळ बसवण्याची टाकी. या अटी ढिगारा कोसळू नये आणि गाळ बाहेर जाऊ नये म्हणून आहेत, आणि त्या योग्यच आहेत. परंतु माथ्यावर पडलेले पाणी पायथ्यापर्यंत कोणत्या वाटेने यावे, या प्रश्नाला त्यांत उत्तर नाही. बेंच पाणी अडवतो, आणि जिथे तो सर्वांत जास्त खचतो तिथून साठलेले सगळे पाणी एकदम खाली सोडतो. आमच्या उतारावरील मोठ्या घळी बेंचच्या खोलगट भागांखालीच पडल्या आहेत. नकाशावर दोन्ही एकावर एक ठेवले तेव्हा वाद मिटला.

अमेरिकेने १९७७ मध्ये खुल्या कोळसा खाणींच्या पुनर्भरणाचा कायदा केला. तेथेही बराच काळ एकसारखे सपाट उतार, पायऱ्या आणि सरळ उतरणारी गटारे हाच रिवाज होता. पुढे न्यू मेक्सिकोतील ला प्लाटा आणि सॅन हुआन या खाणींवर निकोलस बुगॉश यांच्या पद्धतीने डंपालाच टेकडीसारखे रूप देण्यात आले, म्हणजे उंचवटे, त्यांमधल्या दऱ्या आणि वरून तीव्र व खाली मंद होत जाणारा नाला. स्पेनमधील आल्तो ताहो परिसरातल्या केओलिन खाणींवरही हीच पद्धत वापरली गेली. आमचा पाऊस तिथल्यासारखा नाही, त्यामुळे तिथले आकडे उचलून चालणार नाही, परंतु विचाराची दिशा घेता येईल. खाण बंदीकरण आराखड्यासाठी कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एस्क्रो (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या) खात्यात पैसे ठेवावे लागतात. त्यातून हा खर्च मागता येईल, असे लेखा विभागाने तत्त्वतः मान्य केले.

१८ नोव्हेंबर २०२२

गेले सहा दिवस डंपापासून चार किलोमीटरवरचा एक ओढा मोजत आहोत. त्याचे वरचे फाटे नदीकाठच्या जुन्या गाळमातीतून जातात आणि नेमके त्यासाठीच तो निवडला आहे. कामठी वालुकाश्मावरचा ओढा जवळ होता आणि दिसायलाही देखणा होता, पण त्याचा तळ खडकाचा आहे. खडकाने धरून ठेवलेल्या ओढ्याचा उतार ओबीवर आणला तर तो पहिल्याच पावसाळ्यात उखडेल.

दर २० मीटरवर आडछेद घेतला. तळाची रुंदी, पूररेषेची रुंदी, वळणांमधील अंतर आणि उंचवट्याच्या माथ्यापासून नाला सुरू होतो तिथवरचे अंतर नोंदवले. यातील शेवटची नोंद सर्वांत उपयोगाची ठरणार आहे, कारण पसरून वाहणारे पाणी किती अंतर गेल्यावर ओघळ पाडू लागते, हे ती सांगते. या ओढ्याच्या माथ्याला ते अंतर सरासरी ३० मीटर भरले. आमच्या जुन्या आराखड्यात ते १४० मीटर होते, आणि मधल्या ११० मीटरमध्ये नाले पाडण्याचे काम पावसाने स्वतःकडे घेतले होते.

टोपोशीटवर या पाणलोटात एकच निळी रेघ आहे. पायी फिरल्यावर लहान-मोठे नऊ फाटे सापडले. प्रत्यक्षात हेक्टरी सुमारे ५० मीटर लांबीचा नाला पडतो. ओबी या गाळमातीहूनही सुटी असल्याने आम्हाला त्याहून अधिक लागेल.

९ डिसेंबर २०२२

आराखडा स्थिर झाला. मुख्य नाला वळणांसह ५२० मीटर लांबीचा आहे आणि त्यात ४२ मीटर उतरण आहे. उतार एकसारखा ठेवला असता तर तो सगळीकडे ८ टक्के आला असता. त्याऐवजी वरचे १२० मीटर १५ टक्के, मधले २०० मीटर ८ टक्के आणि खालचे २०० मीटर ४ टक्के ठेवले आहेत. वरच्या भागात पाणी थोडे असते, त्यामुळे उतार तीव्र असला तरी चालतो. खाली फाटे मिळून पाणी वाढते, तेव्हा उतार कमी हवा. मुख्य नाल्याला ९० मीटरचे चार फाटे जोडल्यावर हेक्टरी ७३ मीटर लांबी होते.

पाण्याचा हिशेब नेहमीच्या सूत्राने केला. उघड्या ओबीसाठी गुणांक (पावसाचा वाहून जाणारा वाटा) ०.६, दहा मिनिटांच्या सरीसाठी तासाला १५० मिमी तीव्रता आणि १२ हेक्टर क्षेत्र यांच्या गुणाकाराला ३६० ने भागल्यावर सेकंदाला ३ घनमीटर येतात. पाणी माथ्यापासून मुखापर्यंत यायला साडेसहा मिनिटेच लागतात, तरीही दहा मिनिटांपेक्षा कमी कालावधी धरलेला नाही. गवत आल्यावर गुणांक खाली येईल, पण पहिला पावसाळा गवताविनाच काढायचा आहे, म्हणून उदार आकडा धरला.

खालच्या टप्प्यात तळ ३ मीटर आणि बाजू १ : ३ ठेवल्या तर पाणी ३८ सेंटीमीटर खोल आणि सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने वाहील. तळावरील ओढीच्या हिशेबाने तेथे सरासरी २० सेंटीमीटरचा, मधल्या टप्प्यात २९ सेंटीमीटरचा आणि वरच्या टप्प्यात ३३ सेंटीमीटरचा दगड लागतो. वर पाणी कमी असूनही दगड मोठा लागतो, हे कनिष्ठ अभियंत्याला पटेना. त्याने स्वतः तीनदा गणित करून पाहिले, हे चांगलेच झाले.

बुगॉश यांच्या पद्धतीत ४ टक्क्यांची सीमा महत्त्वाची मानली आहे: त्याहून तीव्र उतारावर नाला नागमोडी न जाता छोट्या कोनांनी डावी-उजवीकडे वळत उतरतो, आणि त्याहून मंद उतारावर त्याला खरी वळणे येतात. आमचा खालचा टप्पा बरोबर सीमेवर असल्याने तेथे सौम्य वळणे दिली आहेत.

४ जानेवारी २०२३

काम खालून सुरू केले. नाल्याचे मुख ज्या पातळीवर टेकते ती पातळी हलली तर खालचा तळ कापला जातो, कडा तयार होतो आणि तो कडा दर पावसात मागे सरकत माथ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मुखाशी गाळाच्या टाकीच्या आधी जाळीबंद दगडांचा आडवा बांध मूळ जमिनीत, म्हणजे ओबीच्या खालच्या मुरुमात, दीड मीटर गाडला. वर्धेला पूर आला की गावच्या नाल्यात पाणी मागे फुगते, त्यामुळे बांधाचा माथा गेल्या वर्षीच्या पूरखुणेच्या वर ठेवला आहे. ती खूण नाल्याकाठच्या बाभळीला अडकलेल्या कचऱ्यावरून मिळाली. गावातील दोन कास्तकारांनी दाखवलेली पातळीही तिच्याशी वीतभर फरकाने जुळली.

२१ फेब्रुवारी २०२३

मातीकाम निम्मे झाले. उंचवट्यांसाठी लागणारी भर दऱ्या कोरून निघणाऱ्या मालातूनच भागवायची असल्यामुळे पाणलोटाबाहेरून डंपर आणावे लागत नाहीत. भर ५० सेंटीमीटरच्या थरांनी टाकून डोझर आणि डंपरच्या फेऱ्यांनीच दाबत आहोत. रोलर मिळाला असता तर बरे झाले असते.

पोकलेन चालकाने दोन दिवस सांगितल्याप्रमाणे खोदले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "साहेब, पाणी तं सरळ पळते, तुम्ही नाला वाकडा कायले काढून राहिले?" त्याला जुन्या गटाराजवळ नेले. खालची पोकळी पाहिल्यावर तो म्हणाला की त्याच्या वावरातल्या धुऱ्याचेही असेच होते. त्यानंतर वळणे खुंटीवरून न काढता नजरेने काढण्याकडे त्याचा कल झाला, आणि त्यातली काही आमच्या आराखड्यातल्यापेक्षा सरस निघाली. ती तशीच ठेवून नकाशा दुरुस्त केला.

उताराचा शेवटचा हात डोझरने उताराच्या दिशेने वर-खाली फिरून द्यावा, असे ठरवले आहे. साखळीच्या पट्ट्या त्यामुळे आडव्या उमटतात आणि प्रत्येक ठसा चमचाभर पाणी धरतो. रिपर (डोझरमागचा जमीन खरवडणारा दाता) मात्र समपातळीनेच चालवायचा. ठेकेदाराच्या माणसांनी फाटा क्रमांक ३ वर याच्या नेमके उलट केले आहे.

१४ मार्च २०२३

दगडाचा प्रश्न सुटला, पण स्वस्तात नाही. डंपातलाच वालुकाश्म वेचून वापरावा, असा प्रस्ताव होता. वीस दगड रात्री पाण्याच्या टाकीत, दिवसा उन्हात, असे दहा दिवस ठेवले. कामठीचा लोहयुक्त, तांबडा दगड टिकला. बराकर थरातला पांढरट दगड कोपऱ्यांवरून सुटू लागला, आणि त्यासोबत चुकून आलेली शेल तिसऱ्या दिवशीच पाने सुटावी तशी विलग झाली. तांबडा दगड पुरेसा नाही. वरचा टप्पा आणि वळणांच्या बाहेरच्या बाजू यांसाठी काळा पाषाण बाहेरून विकत घ्यावा लागेल. उरलेल्या ठिकाणी तांबडा चालेल.

पिचिंगखाली, म्हणजे नाल्याच्या दगडी अस्तराखाली, जिओटेक्सटाईल (गाळणीचे कापड) घालावे की खडी-वाळूचा गाळणथर, यावर मतभेद झाले. सपाट जागी कापड चांगले काम करते. १५ टक्के उतारावर खचणाऱ्या जमिनीत त्यावरून दगडच घसरतात, आणि खाली पोकळी झाली तर कापड ती झाकून ठेवते, असा माझा अनुभव आहे. म्हणून १५ सेंटीमीटरचा खडी-वाळूचा थर घेतला. दगड हाताने बसवून सांधे सिमेंटने भरण्याची सूचनाही नाकारली. जमीन खचली की दगडांनीही तिच्यासोबत खाली बसावे.

११ मे २०२३

साठवून ठेवलेली काळी माती ३० सेंटीमीटर जाडीने उंचवट्यांवर पसरली. पसरण्यापूर्वी ओबी रिपरने खरवडली, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर टाकलेली माती पहिल्या पावसात चादरीसारखी घसरते. नाल्याच्या दोन्ही काठांना मात्र काळी माती नको होती, तेथे मुरूम मिसळून हलकी माती टाकायची होती. मजूर कमी पडल्याने मधल्या टप्प्याच्या डाव्या काठावर सुमारे ४० मीटर लांबीत काळीच माती राहून गेली आहे. जूनपूर्वी काढता आली तर काढू.

मारवेल, कुसळी आणि स्टायलोचे बी आणले आहे. काठांवर वाळ्याची रोपे आडव्या रांगांत लावणार आहोत आणि बांबू फक्त उंचवट्यांच्या माथ्यावर. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या डंपावर प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) आणि जिवाणू खते वापरून झाडे जगवली होती. त्या धर्तीवर माथ्यावरच्या खड्ड्यांत प्रेसमड घालत आहोत. वेडी बाभूळ आपोआप येईलच, ती नाल्याच्या तळातून उपटत राहावी लागेल. नाल्याच्या मधोमध झाड वाढले की पाणी त्याला वळसा घालून काठ खाते.

२६ जून २०२३

मृग कोरडा गेला. गेल्या दोन-तीन दिवसांत पाऊस लागला आहे. नाल्यात पहिले पाणी घोटाभर वाहिले आणि टाकीत पिवळसर तांबडे पोहोचले. झीज मोजण्यासाठी उतारावर ठोकलेल्या १२० सळ्यांची पहिली वाचने घेतली. फाटा क्रमांक ३ च्या रिपरच्या खुणांतून अपेक्षेप्रमाणे ओघळ पडले आहेत. काळी माती काढणे राहून गेले.

२० जुलै २०२३

परवाच्या मुसळधार पावसानंतर आज दुपारी डंपावर जाता आले. वरचा आणि मधला टप्पा शाबूत आहे. खालच्या टप्प्यात ३२०व्या आणि ३६०व्या मीटरदरम्यानच्या वळणाचा बाहेरचा काठ फुटला आहे, ११ मीटर लांबीचे पिचिंग उधळले आहे आणि दगड ४० मीटर खाली वाहून गेले आहेत. काठावरच्या गवताच्या काड्यांवरून पाणी किती चढले ते मोजले. त्यावरून काढलेला प्रवाह सेकंदाला ४ घनमीटरच्या जवळ येतो.

आमच्या १२ हेक्टरमधून इतके पाणी येणे शक्य नव्हते. माथ्यावर गेल्यावर कारण दिसले. डंपाच्या सपाट माथ्यावर आमच्या पाणलोटाच्या सीमेला अर्धा मीटर उंचीचा मातीचा बांध होता आणि त्यापलीकडच्या साडेतीन हेक्टरांवरचे पाणी पश्चिमेकडे जात असे. त्या बांधाखालची जमीन एका ठिकाणी ३५ सेंटीमीटर खचली आहे. पलीकडे तळे साचले, ते बांधावरून आमच्या बाजूला वळले आणि नाल्याच्या डोक्यावर येऊन पडले. साडेपंधरा हेक्टरचा हिशेब ३.९ घनमीटर येतो, म्हणजे मोजणी आणि गणित जुळतात.

नाल्याच्या प्रत्येक आडछेदावर आम्ही चार-चार वेळा चर्चा केली आणि पाणलोटाच्या सीमेवर एकदाही केली नाही. नैसर्गिक टेकडीचा माथा जागचा हलत नाही, म्हणून जलविभाजक ही नकाशावरची एक रेघ आहे, असे धरण्याची सवय लागते. डंपावर ती रेघही बांधावी लागते.

१२ सप्टेंबर २०२३

पोळा परवावर आला आहे, मजूर उद्यापासून येणार नाहीत, म्हणून माथ्याचे काम आज उरकले. अर्ध्या मीटरच्या बांधाऐवजी २५ मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा पसरट उंचवटा केला. तो आणखी एक मीटर खचला तरी पाणी उलटणार नाही. पश्चिमेकडच्या भागाला २ टक्के उतार दिला, जेणेकरून तळे साचणारच नाही. फुटलेले वळण त्याच जागी जुन्या आकारात न बांधता, पाण्याने कोरलेला रुंद आकार स्वीकारून त्याला काळ्या पाषाणाचे पिचिंग केले.

२५ नोव्हेंबर २०२३

ड्रोन आणि टोटल स्टेशनने पुन्हा मोजणी केली. तळाची पातळी वरच्या टप्प्यात सरासरी ६ सेंटीमीटर खाली गेली आहे, पण तेवढीच ती बाजूच्या खुंट्यांवरही गेली आहे, म्हणजे ही झीज नसून खचणे आहे. हा भेद नोंदवण्यासाठी नाल्याबाहेरच्या खुंट्या किती उपयोगी पडतात, हे यापूर्वी कळले नव्हते. टाकी निम्मी गाळाने भरली होती. गाळ उपसून माथ्यावर नेला.

८ जुलै २०२४

दुसरा पावसाळा. गवताने काठ झाकले आहेत, मारवेल सर्वांत चांगले आले आहे. मधल्या टप्प्याच्या डाव्या काठावर, नेमक्या त्या ४० मीटरमध्ये, तीन भगदाडे पडली आहेत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरले, ओबीच्या पृष्ठभागावर आडवे धावले आणि नाल्याच्या पिचिंगमागून बाहेर पडले. वरून पाहिले तर गवत जागच्या जागी आहे आणि खाली हात घालता येईल एवढी पोकळी आहे. त्या मातीचा खडा साध्या डिस्टिल्ड पाण्यात टाकला तर दहा मिनिटांत पाणी गढूळ होते, यावरून ती विरघळून पसरणाऱ्या जातीची आहे हेही दिसते. ही चाचणी मे २०२३ मध्ये एका ग्लासात करता आली असती. सध्या भगदाडे उघडी करून मुरूम ठासला आहे. दिवाळीनंतर सगळी काळी माती काढायची आहे.

१९ नोव्हेंबर २०२४

काळी माती काढली, मुरूममिश्रित माती टाकली, वाळा पुन्हा लावला. यंदा मुख्य नाल्यात एकही दगड हललेला नाही. फाटा क्रमांक ३ अजून ओघळत आहे. रिपरच्या खुणांतून पडलेले ओघळ दोन ठिकाणी एकत्र येऊन गुडघाभर खोल झाले आहेत. तो फाटा नव्याने आकारण्यासाठी डोझरचे चाळीस तास मागितले आहेत, अद्याप मंजुरी नाही. माथ्यावरचा उंचवटा वर्षभरात १२ सेंटीमीटर खचला. १२० पैकी १७ सळ्या गुरांनी वाकवल्या किंवा कोणी काढून नेल्या आहेत. त्या मार्चपूर्वी नव्याने ठोकायच्या आणि या वेळी वरचे टोक रंगवायचे नाही.